बर्फावरची स्नोमोबाईल आणि मातीवरची साईड-बाय-साईड: घरच्या सगळ्यांना घेऊन जायचे तर

लातूर, नांदेड किंवा परभणीच्या कोणत्याही जुन्या गल्लीत आता एखादे तरी घर असे असते, ज्यातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत वा कॅनडात स्थिरावली आहे आणि घरची वडीलधारी मंडळी नातवंडांसह अधूनमधून तिकडे जाऊन येतात. शहरे, मंदिरे आणि धबधबे पाहून झाले, की मोकळ्या रानात सगळ्यांनी मिळून काय करावे, असा प्रश्न तिथे उभा राहतो. हिवाळ्यात गेलेल्यांना स्नोमोबाईल सुचवली जाते आणि उन्हाळ्यात गेलेल्यांना साईड-बाय-साईड, म्हणजे शेजारी-शेजारी बसून खडबडीत वाटांवर चालवायची चार चाकी उघडी गाडी. माझी ताई आणि दाजी मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टरला राहतात, त्यामुळे आई, पत्नी आणि दोन्ही मुलांसह हे दोन्ही अनुभव मला घेता आले. या दोन वाहनांची तुलना बहुधा वेग, ताकद आणि किंमत यांवरून केली जाते. कुटुंबाचा विचार करायचा असेल, तर मात्र कोण कुठे बसतो, त्याला शेजारच्याशी बोलता येते का आणि घरातले सर्वांत म्हातारे माणूस त्यात सुखाने बसू शकते का, हे प्रश्न मला आधीचे वाटतात.

स्नोमोबाईलला पुढे दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब फळ्या, आणि मागे रबराचा रुंद, सलग पट्टा असतो. इंजिनाची ताकद त्या पट्ट्याला मिळते, पट्ट्यावरचे रबरी दात बर्फात रुततात आणि गाडी पुढे जाते. वळवण्याचे काम हँडल आणि स्की करतात. गिअर बदलावे लागत नाहीत, कारण आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असते तशीच बेल्ट आणि पुलीची रचना तिच्यात असते. वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसून उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची असते. चालकाच्या जॅकेटला अडकवलेली एक दोरी इंजिनाच्या स्विचला जोडलेली असते, म्हणजे चालक खाली पडला तर दोरी सुटते आणि गाडी आपोआप बंद होते. गाडीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास भरते आणि बैठक मोटारसायकलसारखी एकामागे एक असते. लांब बैठकीच्या गाडीवरही दोघांपेक्षा जास्त माणसे बसवायची नसतात.

या वाहनाचा जन्म मात्र एकट्यादुकट्याच्या मौजेसाठी झालेला नव्हता. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, व्हालकूर या गावी, जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए नावाचे एक यंत्रकुशल गृहस्थ राहत. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने गंभीर आजारी पडला आणि बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला दवाखान्यात नेता आले नाही. ते मूल गेले. बर्फावरून चालणाऱ्या वाहनावर ते त्याआधीपासूनच प्रयोग करत होते, पण त्यानंतर त्या कामाचा त्यांनी ध्यासच घेतला. 1937 मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले आणि त्यावरची पहिली गाडी सात माणसांना बंद केबिनमध्ये एकत्र घेऊन जाणारी होती. डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले अशा गाड्यांतून जाऊ लागली. हलकी, उघडी, दोघांपुरती स्की-डू ही त्यांची गाडी 1959 मध्ये आली आणि तिथून बर्फावरचे वाहन हे खेळाचे साधन झाले. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणून पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला दवाखाना गाठता येत नाही, हे मराठवाड्याने पुष्कळ पाहिले आहे, त्यामुळे ही हकिकत वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. जे वाहन सगळ्यांना एका छताखाली नेण्यासाठी बनले, ते पुढे एकेकट्याचे झाले. आणि एकत्र बसण्याची सोय उघड्या रानासाठी परत आली, ती साईड-बाय-साईडमुळे.

आम्ही गेलो तेव्हा रोचेस्टरच्या आसपास सगळीकडे बर्फ होता. त्या भागातली शेती मुख्यतः मका आणि सोयाबीनची आहे, म्हणजे लातूरच्या माणसाला ती परकी वाटू नये अशी. पण क्षितिजापर्यंत पसरलेले पांढरे रान पाहून आईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तिने 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पाहिलेली आहे. हरभरा, गहू आणि द्राक्षबागा झोडपून काढणाऱ्या त्या गारांनी आमच्या भागातली रानेही अशीच पांढरी केली होती. तिने दाजींना विचारले, "ह्यांच्या पिकाचं काय व्हतंय मग?" दाजींनी सांगितले, "आई, पीक ऑक्टोबरातच निघालंय. आता मार्च-एप्रिलपर्यंत जमीन गोठलेली, शेतकरी घरात." त्यानंतर कुठे ती बर्फाकडे मोकळ्या मनाने पाहू लागली.

त्याच रानांतून स्नोमोबाईलची वाट गेलेली होती. मिनेसोटात अशा वाटांची एकूण लांबी 22,000 मैलांच्या, म्हणजे सुमारे 35,000 किलोमीटरच्या वर आहे आणि त्यांतील फार मोठा भाग स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. सरकार त्यांना निधी देते, पण खासगी शेतातून वाट न्यायची तर प्रत्येक मालकाकडे जाऊन परवानगी मिळवणे, खुणेच्या पाट्या रोवणे, यंत्राने बर्फ सपाट करणे आणि हंगाम संपल्यावर पाट्या काढून घेणे, ही कामे गावातली माणसेच करतात. वसंतात त्याच रानात पुन्हा पेरणी होते. पाणंद रस्त्यावरून आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे भावकीतले दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे खरे वाटणार नाही, पण चार महिने आपल्या शेतातून अनोळखी माणसांना जाऊ देण्याची ही रीत तिथे रुळलेली आहे. स्नोमोबाईलविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटला, तो या व्यवस्थेमुळे.

प्रत्यक्ष बसण्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. मिनेसोटात 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय सार्वजनिक वाटांवर स्नोमोबाईल चालवता येत नाही; माझा जन्म त्याआधीचा असल्यामुळे मला चालवू दिले गेले, तरी दाजींच्या शेजाऱ्यांनी आधी मला एका मोकळ्या मैदानात फेऱ्या मारायला लावल्या आणि ते योग्यच होते. मुलगी माझ्या मागे बसली. आतून लोकरीचे कपडे, त्यावर जाड अंगभर सूट, दुहेरी काचेचे हेल्मेट, कोपरापर्यंतचे हातमोजे, असा सरंजाम चढवायलाच अर्धा तास गेला. हँडलच्या मुठी विजेने गरम होतात, हा फार मोठा आधार असतो. तापमान उणे 10 अंश असताना ताशी 60 किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ते उणे 23 अंशांसारखे लागते; हेल्मेट आणि गळपट्टा यांच्यामध्ये बोटभर फट राहिली, तरी तेवढ्या जागेत सुई टोचल्यासारखी थंडी आत शिरते. इंजिनाच्या आवाजात मागच्याचे बोलणे ऐकू येत नाही. हेल्मेटमध्ये बसवायची बोलण्याची यंत्रे मिळतात, पण आमच्याकडे ती नव्हती, म्हणून खांद्यावर एक थाप म्हणजे हळू आणि दोन थापा म्हणजे थांबा, असे आम्ही ठरवून घेतले होते.

गती आली की जो आनंद होतो, तो खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. सपाट केलेल्या बर्फावर गाडी खडखडत नाही, वळणावर शरीर आत झुकवले की ती आज्ञाधारकपणे वळते आणि ओढ्याकाठच्या निष्पर्ण झाडांमधून जाताना दोन्ही बाजूंनी नुसता उजेड अंगावर येतो. पण तो आनंद ज्याचा त्याला मिळतो. हरणांचा एक कळप मला डावीकडे दिसला, तो मुलीला दिसला की नाही हे मला पुढच्या थांब्यावर कळले. पत्नी आणि मुलगा दुसऱ्या गाडीवर, दाजींच्या मागे आळीपाळीने बसत होते. आई ताईसोबत घरीच राहिली, कारण गुडघे दुखत असताना त्या बैठकीवर पाय टाकून बसणे तिला शक्य नव्हते. संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र आलो आणि चहा पिताना ज्याने-त्याने आपापले सांगितले, हा भाग गोड होता. तरी दिवसभराची सहल कुटुंबाने एकत्र केली, असे मला म्हणवत नाही.

साईड-बाय-साईडची सहल आम्ही उन्हाळ्यात, त्याच राज्याच्या उत्तर भागात, गिल्बर्ट या गावी केली. तो परिसर लोखंडाच्या खाणींचा. खाणकाम थांबलेल्या, ढिगारे आणि खड्डे उरलेल्या जमिनीवर तिथल्या राज्य सरकारने अशा वाहनांसाठी खास क्षेत्र राखले आहे. लाल माती, मुरमाड चढ आणि मध्येच खाणीत साठलेल्या निळ्या पाण्याची तळी, असे ते दृश्य आहे. या प्रकारच्या गाड्या शेतीकामाच्या छोट्या वाहनांतून विकसित झाल्या. कावासाकीची म्यूल 1988 मध्ये, यामाहाची राइनो 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि मिनेसोटातल्याच पोलारिस कंपनीची आरझेडआर 2007 मध्ये आली. ही पोलारिस कंपनी 1954 मध्ये रोझो या गावात सुरू झाली आणि तिने आधी नाव कमावले ते स्नोमोबाईलवर, म्हणजे एकाच कंपनीने हिवाळ्याला एक आणि उन्हाळ्याला दुसरे वाहन दिले आहे.

चार जणांच्या गाडीत पुढे दोन आणि मागे दोन आसने, प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा, पायाशी सपाट फरशी, बाजूला दारे किंवा जाळ्या आणि डोक्यावरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. मोटारीसारखेच स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. आईला पुढच्या आसनावर बसवताना दाजींनी आधी तिची पाठ आसनाला टेकते का आणि दोन्ही पाय फरशीवर पूर्ण टेकतात का, हे वाकून पाहिले. मग पट्टा ओढून घट्ट केला आणि समोरचा दांडा कुठे धरायचा हे दाखवले. मुलांच्या बाबतीतही हीच कसोटी लावतात. वय कितीही असो, पाय लोंबकळत असतील, तर त्या मुलाला या गाडीत न्यायचे नाही. माझा मुलगा तेवढा उंच झालेला होता, म्हणून तो मागच्या आसनावर बसू शकला. माणसे चारांपेक्षा जास्त असल्यामुळे आम्ही दोन गाड्या भाड्याने घेतल्या, पण सगळेच निघालो आणि घरी कोणीही राहिले नाही. वाटेत आई बोलत होती, हे मला आजही महत्त्वाचे वाटते. चढ आला की ती दाजींना "हळू" म्हणे, माती पाहून "आपल्या बालाघाटाच्या माथ्यावरचा मुरूम असाच आहे" असे सांगे आणि मुले मागून तिला प्रश्न विचारत.

याच सोयीत धोका दडलेला आहे. पिंजरा आणि पट्टा पाहून माणसाला मोटारीत बसल्याचा भास होतो आणि तो निष्काळजी बनतो. ही गाडी उंच, तुलनेने अरुंद आणि मऊ सस्पेन्शनची असते, त्यामुळे वळण अचानक घेतले तर ती कलंडू शकते. यामाहाच्या राइनोच्या बाबतीत 2009 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने कंपनीसह मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर केली. जीव गेलेल्या अपघातांपैकी अनेकांत गाडी सपाट जमिनीवर, कमी वेगात वळताना उलटली होती आणि बऱ्याच जणांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी कलंडू लागली की हात किंवा पाय बाहेर टाकून तिला सावरण्याची ऊर्मी माणसाला होते आणि पिंजऱ्याच्या नळीखाली तोच अवयव सापडतो. म्हणून मी मुलांना आधीच बजावले होते, की गाडी वाकडी झाली तर हात छातीशी घ्यायचे आणि पाय फरशीवरून हलवायचे नाहीत. बाजूच्या जाळ्या उन्हात त्रासदायक वाटतात, तरी त्या काढू नयेत.

स्नोमोबाईलचे धोके वेगळे आहेत आणि ते गाडीपेक्षा जागेत जास्त आहेत. गोठलेल्या तळ्यावर जायचे तर मिनेसोटाचे निसर्ग संसाधन खाते स्नोमोबाईलसाठी 5 ते 7 इंच आणि साईड-बाय-साईडसाठी 7 ते 8 इंच जाडीचा चांगला, पारदर्शक बर्फ असावा असे सांगते. वर साचलेल्या बर्फाने खालच्या थराची जाडी कळत नाही, म्हणून स्थानिक माणसाच्या शब्दाशिवाय तळ्यावर पाऊल टाकू नये. डोंगराळ प्रदेशात हिमस्खलनाचा धोका असतो आणि तो साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सर्वांत जास्त असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला, तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणून अशा भागात प्रत्येकाजवळ गाडल्या गेलेल्याची जागा कळवणारे संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे लागते. लहान मुले सोबत असतील, तर अशा उतारांकडे जाण्याचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सपाट प्रदेशातली आखलेली वाट कुटुंबाला पुरेशी आहे.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. विकत घ्यायला चार आसनी साईड-बाय-साईड स्नोमोबाईलपेक्षा बरीच महाग पडते, पण स्नोमोबाईलला दोघांमागे एक गाडी आणि प्रत्येकाला उबदार कपडे लागतात, त्यामुळे चार-पाच जणांच्या घराचा हिशेब शेवटी फारसा वेगळा राहत नाही. पाहुण्यांनी दोन्ही भाड्यानेच घ्याव्यात.

आता मातीविषयी, कारण शेतकऱ्याच्या घरातला माणूस हा प्रश्न टाळू शकत नाही. पुरेसा बर्फ असेल आणि खालची जमीन गोठलेली असेल, तर स्नोमोबाईलचा पट्टा मातीपर्यंत पोचत नाही आणि वसंतात त्याची खूण वितळून जाते. अर्थात तीही अगदी निरुपद्रवी नाही. दाबलेला बर्फ थंडी अडवत नाही, त्याखालची जमीन अधिक खोल गोठते आणि लसूणघासासारख्या, हिवाळाभर जमिनीत टिकणाऱ्या पिकाचे त्याने नुकसान होते. तरीही साईड-बाय-साईडच्या खोल नक्षीच्या टायरांपुढे हे नुकसान लहान आहे. आपल्या काळ्या जमिनीत पाण्याने फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती टायरला धरून ठेवते, चाकांखाली हात-हात खोल चाकोऱ्या पडतात, उन्हात त्या विटेसारख्या कडक होतात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोऱ्यांतून धावत ओघळी पाडते. ट्रॅक्टरने खराब केलेली पाणंद ज्याने जून-जुलैत तुडवली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आपल्याकडे शहरांजवळच्या रिसॉर्टमध्ये आणि कृषी पर्यटनाच्या ठिकाणी अशा गाड्यांचे ट्रॅक तयार होऊ लागले आहेत, तेव्हा ते कोणत्या जमिनीवर होतात याकडे लक्ष द्यायला हवे. गौताळा, येडशी रामलिंग किंवा नायगावचे मयूर अभयारण्य यांच्या परिसरात हा आवाज आणि ही धूळ पोचता कामा नये. गायरानावर तर गावातल्या जनावरांचा पहिला हक्क आहे. उलट मराठवाड्यात खडी काढून सोडून दिलेल्या दगडखाणी पुष्कळ आहेत. गिल्बर्टला खाणीच्या जमिनीचे जे झाले, ते त्यांपैकी निवडक ठिकाणी, कडांना भक्कम कठडे घालून आणि पाणी साठलेले खड्डे पूर्ण बंदिस्त करून, करता येईल. मुरूम आणि काळा पाषाण चाकांना सहन करतो. पावसाळ्याचे चार महिने ट्रॅक बंद ठेवायचा, एप्रिल-मे महिन्यांत 40 अंशांच्या वर पारा जातो म्हणून फक्त सकाळी चालवायचा आणि दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ मुख्य हंगाम मानायचा, असे वेळापत्रक आपल्या हवेला साजेल.

बर्फाची हौस भागवायला अमेरिकेलाच जावे लागते असेही नाही. काश्मीरमध्ये गुलमर्गला आणि हिमाचलात सोलंगला, तसेच 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलमधल्या सिस्सूलाही, बर्फावरच्या गाड्यांच्या फेऱ्या मिळतात. गुलमर्गला बहुधा स्थानिक चालक पुढे बसतो आणि पर्यटक मागे. अननुभवी कुटुंबासाठी ही पद्धत मला चांगली वाटते. एका गाडीवर आई, बाबा आणि मध्ये मूल असे तिघे बसवण्याची तयारी कोणी दाखवली, तर ठामपणे नकार द्यावा आणि हेल्मेट मागून घ्यावे. आरक्षण करण्याआधी त्या आठवड्यातल्या बर्फाची चौकशी करावी, कारण जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग महिन्याच्या अखेरीपर्यंत जवळजवळ कोरडे होते. त्यानंतर फेब्रुवारीत भरपूर बर्फ पडला आणि वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. तेव्हा बर्फ पडला म्हणजे वर जायला हरकत नाही, असेही समजू नये.

घरात आजी-आजोबा असतील आणि मुलांचे पाय फरशीला टेकत असतील, तर आधी साईड-बाय-साईड निवडावी, तीही आखलेल्या वाटेवर आणि घरातल्या सर्वांत शांत स्वभावाच्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊन. मुले कॉलेजला जाण्याएवढी झाली, थंडी सोसण्याची तयारी असली आणि मोठ्यांनाही काही तास आपापल्या तंद्रीत राहायला आवडत असले, तर स्नोमोबाईलसाठी जरूर वेळ काढावा. पुढच्या खेपेला हिवाळ्यात गेलो, तर दाजी चाकांच्या जागी चार रबरी पट्टे बसवलेली साईड-बाय-साईड मिळते का हे पाहणार आहेत. अशी गाडी बर्फावरही चालते, तिला बंद केबिन आणि हीटर बसवता येतो आणि आईने आतापासूनच पुढचे आसन आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितले आहे.